नाटकांचीं हस्तपत्रकें : एक दुर्लक्षित दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सनदा, बखरी, ताम्रपट, फार झालें तर एखाद्या जुन्या घराण्याचा पत्रव्यवहार, एवढेंच येतें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून महाराष्ट्रांत जुन्या कागदाकडे पाहण्याची दृष्टि बदलली, आणि वाण्याच्या पुडीचा कागदहि उलटून पाहण्याची संवय सुशिक्षितांस लागली. परंतु ही संवय मोडीपुरतीच राहिली, असें मला वाटतें. मोडींत लिहिलेला कागद दिसला कीं आपण तो कपाळाला लावतों. बाळबोध टाइपांत छापलेला गुलाबी कपटा दिसला तर त्याची होडी करून मुलाच्या हातीं देतों. आज ज्या कागदाविषयीं मी बोलणार आहें तो असाच गुलाबी, पिवळा नाहीं तर हिरवा, पातळ आणि स्वस्त असा असतो. तो म्हणजे नाटकाचें हस्तपत्रक.

हस्तपत्रक हा शब्द पंडितांचा. लोक त्याला जाहिरात म्हणत, पुढें हँडबिल म्हणूं लागले. नाटकमंडळी गांवांत उतरली कीं वाजंत्री लावून टांगा निघे, त्यांतून हीं पत्रकें वाटलीं जात, आणि पोरें मागें धांवत. ज्या रात्रीं प्रयोग, त्या रात्रीचा पडदा उघडेपर्यंतच त्याचें आयुष्य. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें रद्दी. कोणीहि तें ठेवण्यासाठीं छापलें नाहीं, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. बखरकार पुढील पिढीकडे डोळा ठेवून लिहितो, आत्मचरित्र लिहिणारा नट आरशांत पाहत लिहितो. पण पत्रक छापून घेणाऱ्या व्यवस्थापकाला त्या रात्रीच्या गल्ल्याखेरीज दुसरी चिंता नव्हती. त्याला तारीख चुकवून चालत नव्हतें, जागा चुकवून चालत नव्हतें, आणि तिकिटाचा दर चुकवून तर मुळींच चालत नव्हतें. अर्थात् नाटकाची स्तुति त्यानें हातचें राखून केलेली नसते. ती आपण सोडून द्यावी.

हा कागद आपल्याकडे केव्हां व कां आला, याचा विचार करूं लागलें म्हणजे रंगभूमीच्या इतिहासांतील एक मोठा पालट नजरेस येतो. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें तें चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. तेथें प्रेक्षक निमंत्रित होता. ज्याला बोलावणें आलें तो आला; तिकीट नाहीं, दर नाहीं, मग पत्रक कशाला? १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि आश्रय तुटला. मंडळी गांवोगांव हिंडूं लागली आणि १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत पैसे घेऊन तिनें खेळ केले. हें नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांनीं दिलेल्या जागेवर १८४६ सालीं उभें राहिलें होतें. त्या दिवसापासून मराठी नाटकाला अनोळखी माणसाशीं बोलावें लागलें. ज्याचें नांव, जात, घर कांहीं ठाऊक नाहीं, पण ज्याच्या खिशांत चार आणे असण्याचा संभव आहे, अशा माणसाला कोणत्या शब्दांनीं बोलवावें? हा प्रश्न राजाश्रयांत कधीं पडलाच नव्हता. हस्तपत्रक हें त्या अनोळखी माणसाला पाठविलेलें पहिलें पत्र होय. आपल्याकडे ‘पब्लिक’ ही वस्तु कशी निर्माण झाली, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें राजकीय सभांच्या वृत्तांताइतकींच हीं पत्रकेंहि वाचावीं.

तीं वाचावयास मिळत नाहींत, हें खरें दुःख आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें हिंदुस्थानांत छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण घालणें सक्तीचें झालें. पुस्तकांच्या प्रती सरकारांत द्याव्या लागत व त्यांच्या याद्या दर तिमाहीस प्रसिद्ध होत. त्यामुळें एखाद्या विसरलेल्या नाटककाराचें चोपडेंहि आज यादींत सांपडतें. हस्तपत्रक हें पुस्तक नव्हे. सबब तें यादींत नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं पुस्तकें ठराविक ग्रंथालयांस पाठविण्याविषयीं कायदा झाला, त्यांतहि या चिठोऱ्यांना जागा नव्हती. जें वांचलें तें खासगी पेट्यांत, वह्यांत, कपाटाच्या खणांत घातलेल्या कागदांत. आमच्या गांवच्या वाचनालयांत जुनीं पुस्तकें पुन्हां बांधावयास काढलीं, तेव्हां एका पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस चिकटविलेलें अर्धें पत्रक निघालें. बांधणाऱ्यानें अस्तरासाठीं तें वापरलें होतें. ‘शारदा’ हीं तीन अक्षरें राहिलीं होतीं आणि खालच्या बाजूस दरांचा रकाना. गांव आणि तारीख कात्रीनें नेली. मात्र त्या १८६७ च्या कायद्याचा एक उपकार मानला पाहिजे. ज्या पत्रकांचा तळ शाबूत आहे त्यांवर बारीक अक्षरांत छापखान्याचें नांव असतें, आणि संशोधकाला पुष्कळ वेळां वरच्या मोठ्या अक्षरांपेक्षां तीच ओळ अधिक उपयोगी पडते.

आतां असें पत्रक वाचावें कसें, हें एका उदाहरणानें सांगतों. समजा, किर्लोस्कर मंडळीचें ‘सौभद्र’ नाटकाचें पत्रक आपल्या हातीं आलें. वर ‘शनिवार, ता. १८ नोव्हेंबर’ एवढेंच छापलेलें आहे, साल नाहीं. साल न घालणें ही पुष्कळ पत्रकांची खोड आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. ज्या माणसाला आज रात्रीं नाटकाला बोलवावयाचें त्याला चालू साल कोणतें हें कशाला सांगावयाचें? येथें शाळामास्तरी गणिताचा उपयोग होतो. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि १ दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षीं एक वार पुढें सरकते, आणि मध्यें २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. असें मोजीत गेलें म्हणजे १८ नोव्हेंबर हा दिवस १८७६, १८८२, १८९३, १८९९, १९०५, १९११ आणि १९१६ या सालीं शनिवारीं येतो. १९०० हें साल चारांनीं भागलें जात असूनहि लीप नव्हतें, हें विसरलें तर पुढचा सारा हिशेब एका वारानें चुकतो. वर्गांत दरवर्षीं निम्मीं मुलें येथेंच घसरत.

या सात सालांतून एक निवडावयाचें आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहांत केले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, तेव्हां १८७६ साल आपोआप गळालें. पत्रकांत नाटकाचे पहिले तीन अंक होतील असें म्हटलें असेल तर शोध तेथेंच संपला. कारण ‘सौभद्र’ प्रथम १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं तीन अंकांचेंच झालें आणि पुरें पांच अंकी नाटक १८८३ सालीं आलें. तसें नसेल तर नांवें पाहावीं. भाऊराव कोल्हटकर १८८२ सालीं मंडळींत आले आणि १९०१ सालीं वारले. त्यांचें नांव असेल तर १९०५ व त्यापुढचीं सालें गेलीं. बाळगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले आणि १९१३ सालीं त्यांनीं, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह, गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचें नांव असेल तर १९०५ किंवा १९११ एवढींच दोन सालें उरतात. नांवें मुळींच नसलीं तर तळाच्या छापखान्याकडे वळावें, दर पाहावा, टाइपाचें वळण पाहावें. सुदैवानें तिथि छापलेली असली तर मग काम फारच सोपें. तिथि आणि तारीख यांचा मेळ साधारणपणें १९ वर्षांनीं पुन्हां बसतो, पण तेव्हां वार निराळा पडतो. तिथि, वार आणि तारीख हीं तिन्हीं एकत्र असलीं कीं जुनें पंचांग उघडून साल काढणें हें पांच मिनिटांचें काम आहे.

वेळेच्या ओळींतहि काळ दडलेला असतो. १९०६ सालच्या आरंभापासून हिंदुस्थानांत स्टँडर्ड टाइम सुरू झाला. मुंबई शहर मात्र आपल्या जुन्या, ३९ मिनिटें मागें असलेल्या मुंबई टाइमला १९५५ सालापर्यंत चिकटून राहिलें. तेव्हां पत्रकावर ‘स्टँडर्ड टाइम’ हे शब्द असतील तर तें १९०६ च्या पूर्वीचें असूं शकत नाहीं. दोन घड्याळांच्या या शहरांत ३९ मिनिटांची चूक झालेल्या प्रेक्षकाची नांदी तर जाईच, पण पहिल्या अंकांतील दोनतीन पदेंहि हुकत असतील. मग व्यवस्थापकानें खुलासा कां छापावा हें सांगावयास नको.

दरांच्या रकान्यांत सारा समाज आपापल्या जागीं बसलेला दिसतो. खुर्ची, बाक, पिट. स्त्रियांसाठीं निराळी जागा, आणि कांहीं ठिकाणीं त्यांतहि कुलीन स्त्रिया व गणिका यांच्यांत केलेला भेद. लहान मुलांचा आकार. वन्समोअरचा आग्रह धरूं नये अशी विनंति. कायद्याच्या पुस्तकांत जें लिहिलेलें नाहीं तें येथें अर्ध्या ओळींत लिहिलेलें असतें. आपल्या सामाजिक सुधारणेचा इतिहास आपण व्याख्यानांवरून लिहितों. व्याख्यानांत माणूस आपल्याला कसें वागावयास पाहिजे तें सांगतो. तिकिटाच्या दरांत तो कसा वागत होता तें दिसतें.

याहून मोठी गोष्ट नांवांची आहे. आपल्या रंगभूमीचा इतिहास बराचसा आत्मचरित्रांवर उभा आहे. बोडस यांची ‘माझी भूमिका’, टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकर यांचें ‘बहुरूपी’, हीं पुस्तकें नसतीं तर आपण आंधळेच राहिलों असतों. पण हीं सारीं मोठ्या मंडळ्यांतील मोठ्या माणसांनीं लिहिलेलीं आहेत. दोन पावसाळे काढून मोडलेल्या मंडळ्या, तालुक्याच्या गांवीं कापडी मांडवांत खेळ करणाऱ्या मंडळ्या, तबलजी, सारंगिये, पडदे रंगविणारे यांचें आत्मचरित्र कोण लिहिणार? बाबूराव पेंटर यांचें नांव पुढें चित्रपटांमुळें सर्वांस ठाऊक झालें; तत्पूर्वीं ते आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत होते. ज्यांना चित्रपट सांपडला नाहीं अशा पडदेवाल्यांचें काय? केवळ स्त्रियांच्या अशा नाटकमंडळ्याहि महाराष्ट्रांत होऊन गेल्या. त्यांची टवाळी करणारे लेख मिळतात. त्या स्त्रियांनीं कोणतीं नाटकें केलीं, कोणत्या गांवीं केलीं, पुरुषभूमिका कोणी केल्या, हें त्यांच्या बाजूनें सांगणारा कागद म्हणजे त्यांनीं स्वतः छापून घेतलेलें पत्रक. तें गेलें कीं टवाळी तेवढी मागें राहते. पत्रकें सांभाळण्याचा आग्रह मी धरतों तो मुख्यतः याच कारणास्तव.

आणखी एक उदाहरण देतों. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. मधल्या काळांत तें कोणकोणत्या गांवीं गेलें, हें नाटकाच्या छापील प्रतीवरून कळणार नाहीं. सरकारी दप्तरांतून सरकारला वाटलेली भीति कळेल. तें नाटक प्रत्यक्ष किती दूरवर पोंचलें हें मोजावयाचें तर गांवोगांवचीं पत्रकें एकत्र यावयास हवींत.

या साक्षीदाराचेंहि सर्व खरें मानूं नये, हेंहि येथेंच सांगितलेलें बरें. पत्रक सांगतें तें होणार असलेल्या प्रयोगाविषयीं. तो झाला असें तें सांगत नाहीं. पाऊस येई, मुख्य नटाचा घसा बसे, आयत्या वेळीं नाटक बदले. म्हणून पत्रकावरून ‘अमुक दिवशीं प्रयोग जाहीर झाला’ एवढेंच म्हणावें, आणि वर्तमानपत्राचा अगर हिशेबाच्या वहीचा दुजोरा मिळाल्यावर ‘झाला’ म्हणावें. दुसरें असें कीं पत्रकाला अंतःकरण नसतें. ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झाला. त्याच दिवशीं बाळगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरीहि ते रंगभूमीवर उभे राहिले. त्या रात्रीच्या पत्रकांत आपल्याला वेळ, जागा आणि दर सांपडतील. घरांतलें मरण सांपडणार नाहीं. त्यासाठीं आठवणीच वाचाव्या लागतात.

दूरच्या देशांत अशा एका चिटोऱ्यानें केवढें काम केलें तें पाहा. ऑस्ट्रेलियांत इंग्रजांची वसाहत १७८८ सालीं झाली. बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांची ती वसाहत. तेथें ३० जुलै १७९६ रोजीं सिडनीच्या नाट्यगृहांत ‘जेन शोर’ हें नाटक व्हावयाचें होतें. त्याचें पत्रक जॉर्ज ह्यूज या मुद्रकानें छापलें. हें पत्रक पुढें एका चिकटवहींत गेलें, ती वही फिरत फिरत कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आली, आणि २००७ सालीं तेथील ग्रंथपालाच्या नजरेस तें पडलें. ऑस्ट्रेलियांत छापलेल्या व आज उपलब्ध असलेल्या कागदांत तें सर्वांत जुनें ठरलें. त्याच वर्षीं कॅनडानें तें ऑस्ट्रेलियास परत दिलें. एका देशाच्या मुद्रणाचा पहिला शिल्लक पुरावा हा राजाज्ञा नव्हे, धर्मग्रंथ नव्हे, नाटकाची जाहिरात आहे. ती वांचली याचें कारण कोणा एकानें ती चिकटवून ठेवली आणि पुढच्यांनीं ती वही फोडली नाहीं.

इंग्लंडांत हें काम एका बाईनें अंगावर घेतलें. गॅब्रिएल एंथोवेन यांनीं लंडनच्या नाटकांचीं पत्रकें जमविलीं आणि १९११ पासून त्यांच्यासाठीं सरकारी संग्रहालयाचें दार ठोठावलें. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमनें त्यांचा संग्रह स्वीकारला तो १९२४ सालीं. तेव्हां त्यांत ८०,००० हून अधिक पत्रकें होतीं. देणगी देऊन त्या घरीं बसल्या नाहींत. १९५० सालीं मरेपर्यंत मदतनिसांसह त्या तीं लावीत व वाढवीत राहिल्या. तेथें मांडणी नाट्यगृहाच्या नांवानें होते. एका नाट्यगृहाचीं सर्व पत्रकें एकत्र आणि त्यांत तारीखवार. हें लंडनला शोभतें. तेथें नाट्यगृहें शेंकडों वर्षें जागच्या जागीं उभीं असतात आणि नट बदलत जातात.

आपल्याकडे ही पद्धति जशीच्या तशी उचलली तर घोंटाळा होईल. आपलीं नाटकें बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलीं. देवलांचें ‘शारदा’ प्रथम झालें तें पुण्यामुंबईस नव्हे, तर १८९९ सालीं इंदुरास. केशवराव भोसले यांनीं ललितकलादर्श मंडळी १९०८ सालीं काढली ती हुबळीस. अशा मंडळीचीं पत्रकें नाट्यगृहवार वांटलीं तर एकाच सफरीचे कागद पन्नास पाकिटांत पांगतील, आणि कित्येक गांवीं तर नाट्यगृह म्हणून तंबू किंवा धान्याचें कोठारच होतें. म्हणून आपल्याकडे मुख्य मांडणी मंडळीवार असावी आणि मंडळींत तारीखवार, असें माझें मत आहे. मंडळी बडोद्याहून इंदुरास, तेथून नागपुरास कशी गेली, कोठें महिनाभर राहिली आणि कोणत्या गांवाहून चार दिवसांतच निघाली, हें मग पाकीट उलगडतांच दिसतें. नाटक, नाटककार, गांव, नाट्यगृह, नट यांच्यासाठीं निराळीं कार्डें करावीं. कागद एकाच जागीं राहतो, कार्डें कितीहि करतां येतात.

नटवार मांडणीला मात्र माझा सक्त विरोध आहे. ती लोकप्रिय आहे हें मी जाणतों. एका नटाचा भक्त त्याचीं सारीं पत्रकें वेगळीं काढतो, उरलेलीं फेंकून देतो. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं बाळगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मुंबईस मिळून ‘मानापमान’ केलें. त्या रात्रीचा कागद ज्याच्यापाशीं असेल तो त्याला सोन्याच्या चौकटींत बसवील, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण त्याच पावसाळ्यांत एखादी साधी मंडळी पेणेस किंवा सोलापुरास काय करीत होती, हें सांगणारा कागद इतिहासाला अधिक दुर्मिळ आहे.

याच कारणासाठीं एखाद्या रसिकानें स्वतःच्या हातानें लावलेली चिकटवही आली तर ती फोडूं नये. तिच्यांतील पानांना क्रमांक द्यावे आणि कार्डावर तिचा उल्लेख करावा. त्यानें कोणतें पत्रक कोणाशेजारीं लावलें, समासांत काय खरडलें, यावरून आपल्याला प्रेक्षक भेटतो, आणि प्रेक्षक हा आपल्या नाट्येतिहासांतील सर्वांत मुका माणूस आहे. पत्रकाची पाठहि पाहावी. पाठीवर वाण्याचा हिशेब असेल, कोणीतरी पेन्सिलीनें उतरून घेतलेलें पद असेल. एकाच पत्रकाच्या दोन प्रती दिसल्या म्हणून एक टाकूं नये. एकीवर दर खोडून दुसरा लिहिलेला असतो, आणि मंडळीचे दिवस फिरले होते हें तेवढ्यावरून कळतें.

कार्डाविषयीं थोडें सांगतों, कारण उत्साही मंडळी येथेंच फसतात. पत्रकावर जें छापलें आहे तें जसेंच्या तसें उतरावें, मुद्रणदोषासकट. आपण तर्कानें काढलेलें साल चौकटी कंसांत घालावें, म्हणजे पुढच्याला तें तपासतां येईल. छापखाना, कागदाचा रंग, लांबीरुंदी आणि कोणाकडून मिळालें हें टिपावें. एकाच वस्तूचीं दोन नांवें असतात त्यांची सांगड घालावी. देवलांचें ‘फाल्गुनराव’ हें गद्य नाटक पुढें १९१६ सालीं ‘संशयकल्लोळ’ या नांवानें संगीत होऊन आलें. हें कार्डावर नसेल तर शोधणारा अर्धींच पत्रकें पाहून परत जाईल. बाळगंधर्व आणि नारायणराव राजहंस हे एकच, हें आपल्याला ठाऊक आहे; पन्नास वर्षांनंतरच्या मुलाला तें ठाऊक असेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कागदाकडे वळूं. हीं पत्रकें लांकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलीं गेलीं. त्या कागदांत आम्ल तयार होतें, आणि तेंच त्याला आंतून खातें. म्हणून शंभर वर्षांचें पत्रक हातांत धरलें कीं कडा भुग्यासारख्या गळतात, आणि त्याहून दोनशें वर्षें जुना हातकागदाचा मोडी कागद मात्र ताठ उभा असतो. लोकांना हें आश्चर्य वाटतें, पण कारण एवढेंच. अशा कागदाला घडी नको, टांचणी नको, रबर नको. आम्लरहित कागदाच्या मोठ्या पाकिटांत तो सपाट ठेवावा. क्रमांक घालावयाचा तो मऊ पेन्सिलीनें, मागल्या कोपऱ्यांत. फाटलेला भाग पारदर्शक चिकटपट्टीनें जोडणें हा तर गुन्हा समजावा. पट्टी कांहीं वर्षांनीं सुटते, गोंद मात्र पिवळा होऊन कागदांत मुरतो. जुने बांधणारे खळींत मोरचूद घालीत, म्हणजे किडा लागत नसे. तें खरें, पण तांब्याचा तो क्षार कागदाचा नाश जलद करतो, हें आतां कळलें आहे. साधी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद हा जाणकाराच्या हातचा उपाय चांगला, कारण तो पाण्यानें पुन्हां सोडवतां येतो. उष्णतेनें प्लॅस्टिकांत बंद केलेलें पत्रक दिसावयास चकचकीत असतें, पण तें पुन्हां बाहेर काढण्याची सोय नसते.

कोंकणपट्टींतील चार महिन्यांचा पावसाळा हा आपल्या दप्तरांचा खरा शत्रु. लोखंडी कपाट भिंतीला टेंकून ठेवूं नये, मध्यें हातभर जागा सोडावी. तळाचा खण रिकामा ठेवावा. उघाड पडली कीं दारें उघडून वारा खेळूं द्यावा, ऊन मात्र पत्रकांवर पडूं देऊं नये, नाहीं तर गुलाबी कागद पांढरा होतो. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला आपल्या वाडवडिलांनीं पोथ्यांसाठीं वापरला. कसर दूर ठेवण्यास त्याची मदत होते, परंतु पाला उघडा कागदाला लागूं दिला तर डाग पडतात. पुरचुंडी करून कोपऱ्यांत ठेवावी आणि वर्षाकांठीं बदलावी.

हल्लीं सारें काम फोनमधल्या कॅमेऱ्यावर सोंपविण्याकडे कल आहे. छायाचित्र अवश्य घ्यावें. ब्रिटिश लायब्ररीनें २०१७ सालीं आपल्या जुन्या नाट्यपत्रकांच्या प्रतिमा लोकांपुढें ठेवल्या आणि घरीं बसलेल्या वाचकांकडून त्यांतील नांवें व तारखा उतरवून घेतल्या. असें काम आपल्याकडील निवृत्त शिक्षक आनंदानें करतील. पण छायाचित्र काढून झालें म्हणून मूळ कागद रद्दीला घालणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. छायाचित्रांत कागदाची जाडी येत नाहीं, पाठीमागचा उमटलेला टाइप येत नाहीं, तळाची बारीक ओळ कोणीतरी चौकटीबाहेर ठेवलेली असते, आणि फोन बदलला कीं तें छायाचित्रहि कोठें गेलें तें सांपडत नाहीं.

आपल्या घरीं आजोबांची पेटी असेल, आजीच्या गाण्याच्या वहींत घडी घातलेलीं पत्रकें असतील, तर तीं निवडूं नयेत, लावूं नयेत. जशीं आहेत तशीं एका पाकिटांत घालावीं आणि जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत किंवा इतिहास-संशोधनाच्या संस्थेंत आधीं विचारून द्यावीं. देतांना चार ओळी सोबत लिहाव्या: पेटी कोणाची, तें घर तेव्हां कोणत्या गांवीं होतें, घरांतलें कोण नाटकाला जात असे. खालीं आपलें नांव आणि तारीख घालावी, या वेळीं सालासकट.